फणेरपेटीतील रसायने

जुन्या मराठी घरांतील स्त्रियांजवळ एक छोटी लाकडी पेटी असे. तिला फणेरपेटी म्हणत. झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा बसवलेला असे आणि पेटीच्या कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी अशा मोजक्या वस्तू असत. सकाळची कामे उरकली की पाटावर बसून पेटी उघडायची, केस विंचरायचे, कपाळावर मेणाचे बोट टेकवून त्यावर कुंकू लावायचे, की झाला शृंगार. मेण मधमाश्यांच्या पोळ्याचे, कुंकू हळदीचे आणि काजळ घरच्याच दिव्याचे. पेटीतील कोणती वस्तू कशापासून झाली, हे तिच्या मालकिणीला सहज सांगता येत असे.

आज त्या पेटीची जागा न्हाणीघरातील फळीने आणि कपाटाच्या कप्प्याने घेतली आहे. शाम्पू, क्रीम, पावडर, टिकल्यांची पाकिटे, केसांचा कलप, ओठांचा रंग, घाम रोखणारा फवारा अशा दहा-बारा बाटल्या, नळ्या आणि पुड्या बेताच्या उत्पन्नाच्या घरातही सापडतात. हा प्रांत आता केवळ स्त्रियांचा राहिलेला नाही. दाढीच्या साबणापासून गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पुरुषांसाठीही वेगळी बाजारपेठ उभी राहिली आहे. डबीवर बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची नावे छापलेली असतात, पण ती वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. यांतील बहुतेक वस्तू रोजच्या वापराला निर्धोक असतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मात्र काही तशा नसतात. आणि ज्या नसतात, त्यांचा अपाय पुष्कळदा त्वचेवरच थांबत नाही.

आधी कुंकवाचेच उदाहरण घेऊ. पंढरपूर आणि सोलापूर जिल्ह्यातलेच केम ही गावे कुंकवासाठी प्रसिद्ध आहेत. कुंकू करण्याच्या पारंपरिक रीतीत हळदीला लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची जोड देऊन ती वाळवतात व तिची वस्त्रगाळ पूड करतात. मुळात पिवळी असलेली हळद या प्रक्रियेत लाल होते. हळदीत कर्क्युमिन नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. चुना, साबण यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांशी त्याचा संबंध आला की त्याचा रंग लालसर होतो. पातळावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल दिसू लागतो, हा अनुभव कोणत्या गृहिणीने घेतलेला नाही? आंबट रसाच्या सान्निध्यात टाकणखाराशी कर्क्युमिनचा संयोग झाला की याहूनही गडद लाल रंग तयार होतो. कुंकू करणाऱ्या बायकांना या रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती. त्याची क्रिया मात्र त्यांच्या हातात मुरलेली होती.

बाजारात आज मिळणारे स्वस्त कुंकू मात्र पुष्कळदा हळदीचे नसते. पिष्टमय पूड किंवा शंखजिऱ्याची भुकटी कृत्रिम रंगाने रंगवून तीच कुंकू म्हणून विकली जाते. सौंदर्यप्रसाधनांसाठी मान्यता असलेला रंग वापरला असेल तर फारसे बिघडत नाही. कापड रंगवण्याचा रंग वापरला असेल तर कपाळाला खाज सुटते, त्वचा काळवंडते, कधी फोडही येतात.

यावरून जुने ते सारे निर्दोष आणि नवे ते सारे घातक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कारण जुन्या शृंगारातील दोन वस्तू, शेंदूर आणि सुरमा, या आजच्या अनेक प्रसाधनांपेक्षा अधिक विषारी आहेत आणि त्या शतकानुशतके वापरात आहेत.

कुंकू आणि शेंदूर हे शब्द बोलण्यात जवळचे वाटले, तरी वस्तू म्हणून त्यांत मोठे अंतर आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून होते; शेंदूर मात्र शिशाचा ऑक्साइड आहे. मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तीवर जो केशरी लेप चढवतात, तो याच शेंदराचा. उत्तर आणि पूर्व भारतात विवाहित स्त्रिया भांगात जो सिंदूर भरतात, त्यातही पूर्वापार शिशाचा किंवा पाऱ्याचा लाल क्षार वापरला जात असे. आता बाजारातील सिंदूर नाना प्रकारच्या रंगांचा असतो. तरी शिसे त्यातून पूर्णपणे गेलेले नाही. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतील दुकानांतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदुराच्या नमुन्यांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत विकत घेतलेल्या नमुन्यांपैकी ८३ टक्के आणि भारतातील नमुन्यांपैकी ७८ टक्के नमुन्यांत, एका ग्रॅममागे निदान एक मायक्रोग्रॅम एवढे शिसे सापडले. सर्वच नमुने सारखे धोक्याचे होते असे नव्हे. काहींत शिसे अल्प होते, तर काहींत फार. पण पुडी हातात घेऊन ते ओळखायचे कसे? रंगावरून, वासावरून किंवा किमतीवरून ते कळत नाही.

शिसे शरीराला कसे फसवते हे समजून घेण्यासारखे आहे. हाडे बळकट करणाऱ्या कॅल्शियमशी त्याचे वर्तन मिळतेजुळते असते. त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत साठवून ठेवते. रक्तातील शिसे निम्म्यावर यायला सुमारे एक महिना लागतो. हाडांत साठलेले शिसे मात्र कित्येक वर्षे तेथेच राहते. गरोदरपणात बाळाच्या वाढीसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर पडते, तेव्हा त्याच्याबरोबर हे साठलेले शिसेही रक्तात उतरते आणि नाळेतून बाळापर्यंत जाते. तान्ह्या आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशामुळे जो अपाय होतो, तो पुढे औषधाने भरून काढता येत नाही. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. याच कारणाने भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद करण्यात आली. शेंदूर त्वचेतून फारसा शिरत नाही हे खरे. पण भांगातील पूड गळते, उशीवर पडते, हाताला लागते. त्याच हाताने पोळी लाटली जाते आणि आईच्या केसांशी खेळणारे मूल तीच बोटे तोंडात घालते.

सुरम्याची गोष्टही अशीच. प्राचीन ग्रंथांतील अंजन पुष्कळदा अँटिमनी या धातूच्या खनिजाचे असे. पुढे त्याच काळ्या, चमकदार रूपाचे दुसरे खनिज स्वस्त पडते म्हणून त्याच्या जागी आले. ते खनिज म्हणजे शिशाचा सल्फाइड. डोळ्यांत घातलेला सुरमा अश्रूंबरोबर नाकात व घशात उतरतो आणि मूल डोळे चोळून तीच बोटे चोखते. घरी पाडलेल्या काजळात शिसे नसते. एरंडेल तेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून जमवलेली ती निव्वळ काजळी असते. तरीही तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत बोटाने काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण तेथे प्रश्न शिशाचा नसून बोटाच्या स्वच्छतेचा असतो. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती गालाला किंवा तळपायाला लावावी.

आजच्या फळीवरील सर्वांत धोकादायक डबी मात्र वेगळीच आहे. २०२३ च्या आरंभी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक बातमी आली. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली होती. आनुवंशिक आजाराचा माग लागेना, तेव्हा डॉक्टरांनी घरात समाईक काय वापरले जाते याचा शोध घेतला. तिघीही एकच क्रीम चेहऱ्याला लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांच्या मदतीने तपासणी झाली आणि त्या क्रीममध्ये मोठ्या प्रमाणात पारा आढळला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातही असेच घडत होते. तेथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारू लागली. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये अशा मालाविरुद्ध धाडसत्र हाती घेतले. त्या मोहिमेला नाव होते ‘ऑपरेशन सौंदर्य’.

पारा त्वचा उजळतो तरी कसा? त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो. ते तयार करण्याचे काम टायरोसिनेज नावाचे विकर करते आणि या विकराला तांब्याच्या अणूंची गरज असते. पारा तांब्याची जागा बळकावतो, विकराचे काम थांबते, मेलॅनिन तयार होणे मंदावते आणि दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळ दिसू लागतो. वापरणाऱ्याला वाटते, क्रीम गुणकारी आहे. त्याच वेळी पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात साठत असतो. मूत्रपिंड ही एक बारीक चाळणी आहे. ती बिघडली की शरीराला हवी असणारी प्रथिने लघवीवाटे निघून जातात, लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. या लक्षणांचा संबंध आरशासमोरच्या डबीशी जोडणे सहसा कोणाला सुचत नाही. पारा हवेतही उडतो, टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्यालाही लागतो. त्यामुळे क्रीम न लावणाऱ्या घरच्या माणसांनाही त्याची बाधा होऊ शकते.

जपानमधील मिनामाता या गावी कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे शेकडो कोळी कुटुंबे उद्ध्वस्त झाली. तो आजार १९५६ मध्ये प्रथम ओळखला गेला. त्याच गावाचे नाव दिलेला पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला औपचारिक मान्यता दिली. दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा असलेली प्रसाधने २०२० पर्यंत बंद करावीत, असे त्या कराराने ठरवले होते. पुढे २०२३ च्या परिषदेत, पारा मिसळलेले कोणतेही प्रसाधन २०२५ नंतर नको, असा निर्णय झाला. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांसाठी नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग एवढीच ठेवली आहे. एक हजार किलो क्रीममध्ये एक ग्रॅम पारा, म्हणजे ही मर्यादा. कायदा असा स्पष्ट असताना या डब्या येतात कोठून? त्या पार्लरमध्ये बिनलेबलाच्या डबीत भरून मिळतात, परदेशाहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून येतात किंवा दूरध्वनीवर मागणी नोंदवून घरपोच येतात. त्यांवर कारखान्याचा पत्ता नसतो.

पाऱ्याखेरीज आणखी एक फसवे औषध गोरेपणाच्या नावाखाली चेहऱ्यावर चढते. गजकर्ण किंवा इसब यासाठी म्हणून औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या मलमात स्टेरॉइड असते. थोडे दिवस चेहरा नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे येतात, गालांवर लव वाढते आणि मलम थांबवले की आग सुरू होते. म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत, असे जाहीर केले. नियम झाला, सवय अद्याप पुरती मोडलेली नाही.

खरे पाहता या डब्यांची मागणी त्वचेच्या गरजेतून निर्माण झालेली नाही. ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ अशा ओळींनी वधूवर-सूचनांची पाने वर्षानुवर्षे भरत आली. सावळ्या विठोबाला आणि काळ्या कृष्णाला डोळे भरून पाहणाऱ्या समाजात मुलीच्या सावळेपणाची मात्र काळजी केली जाते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. आपल्याकडे मेलॅनिन अधिक असते ते उगीच नव्हे. प्रखर उन्हापासून त्वचेच्या पेशींचे रक्षण तेच करते. जे रक्षक द्रव्य निसर्गाने दिले, ते पैसे देऊन आणि मूत्रपिंड पणाला लावून काढून टाकायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

अपायाचा दुसरा प्रकार विषबाधेपेक्षा वेगळा आहे. त्यात द्रव्य सर्वांना बाधत नाही. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही, त्यांनाच बाधते. चिकट टिकली हे त्याचे नेहमीचे उदाहरण. कुंकू पुसते, टिकली टिकते, म्हणून ती घरोघर आली. तिच्या मागील डिंकासारख्या थरात काही वेळा पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल या द्रव्यापासून केलेली राळ असते. हे द्रव्य काही स्त्रियांच्या त्वचेतील रंगपेशी मारते आणि बरोबर टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच पांढरा डाग उमटतो. घरात कुजबुज सुरू होते, लग्नाच्या मुलीची आई घाबरून जाते. असा डाग दिसताच टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. लवकर उपचार झाले तर काही जणींच्या त्वचेचा रंग परत येतो. डाग झाकण्यासाठी त्याहून मोठी टिकली लावणे हा मात्र अगदी उलट उपाय होय, आणि पुष्कळ जणी नेमके तेच करतात.

केसांच्या कलपातील पॅरा-फिनिलीन-डायअमिन हे द्रव्यही याच जातीचे आहे. काळा रंग पक्का बसावा म्हणून ते वापरतात. काहींना त्यामुळे डोक्याला असह्य खाज सुटते, पापण्या सुजतात, कानामागून पाणी वाहू लागते. पहिल्यांदा काही होत नाही, दुसऱ्यांदाही होत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी शरीर एकाएकी त्याच्याविरुद्ध उठते. ‘इतकी वर्षे लावतो, कधी त्रास झाला नाही’ हे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही पुष्कळदा हेच द्रव्य असते. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो, काळा नसतो. अशा कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. वापरण्यापूर्वी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडासा कलप लावून एक दिवस वाट पाहावी, भुवयांना किंवा पापण्यांना तो कधीही लावू नये, कारण दृष्टी जाऊ शकते, असा तो इशारा असतो.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींचा विचार येथे केला पाहिजे. गिऱ्हाईक कधीतरी येते. त्या मात्र दिवसभर त्याच हवेत उभ्या असतात. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापवलेल्या इस्त्रीमुळे फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. डोळे झोंबतात, खोकला येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात घातला आहे. बंद, वातानुकूलित खोलीत हे काम करण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणे आणि हातमोजे वापरणे हा किमान उपाय आहे, आणि तो मालकाच्या खर्चाने झाला पाहिजे.

वेष्टन वाचावे तरी काय? निर्मात्याचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, माल कोणत्या घाणीतला हे सांगणारा बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख, एवढे आधी पाहावे. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतील काहीच नसेल तर डबी परत ठेवावी. आतील माल कितीही सुगंधी असो. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. म्हणजे ‘केशर व चंदन’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या क्रीमच्या यादीत केशर अगदी शेवटी असेल, तर त्यात केशर किती आहे ते समजून घ्यावे. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी ही सारी पाऱ्याच्याच क्षारांची नावे आहेत. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना क्रीमवर दिसली, तरीही सावध व्हावे. कारण सोन्याला चटकन चिकटणारी वस्तू म्हणजे पारा. एक अडचण मात्र वाचकाच्या हातातली नाही. साठ मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीवर किंवा तीस ग्रॅमपेक्षा लहान डबीवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. ज्यांना मोठी बाटली परवडत नाही, त्यांच्या वाट्याला येणारी पुडी ही नेमकी बिनयादीची असते.

‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘रसायनमुक्त’ हे शब्द मात्र वाचून सोडून द्यावेत. रसायनमुक्त असे जगात काही नाही. पाणी हेही रसायनच आहे. शिसे आणि पारा दोन्ही जमिनीतूनच निघतात, म्हणजे पूर्ण नैसर्गिक आहेत. चेहऱ्याला लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. त्यात कोणतेही कारखानी द्रव्य नसते. उलट, क्रीम टिकावी म्हणून घातलेल्या परिरक्षकांना सरसकट शत्रू समजणेही बरोबर नाही. पाणी असलेल्या क्रीममध्ये परिरक्षक नसेल तर काही दिवसांतच बुरशी आणि जिवाणू वाढतात. पॅराबेन या परिरक्षकांपैकी पाच प्रकारांवर युरोपीय संघाने २०१४ मध्ये बंदी घातली. बाकीचे काही प्रकार ठरावीक मर्यादेत तेथेही चालतात. प्रश्न नेहमी कोणते द्रव्य, किती आणि किती वेळा असाच असतो.

जे अंगाला लावतो ते शेवटी मोरीतून वाहून जाते, याचा विचार क्वचितच होतो. चेहरा घासण्याच्या काही लोशनमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी घालत असत. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून ते निसटतात आणि नदीतील माशांच्या पोटात जातात. भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये या मण्यांना प्रसाधनांतील असुरक्षित घटकांत गणले. दिल्लीजवळ यमुनेवर दर हिवाळ्याच्या तोंडी बर्फासारखा जो फेस तरंगतो, त्यात घराघरांतील साबण-शाम्पूंचा आणि धुण्याच्या पावडरींचा वाटा आहे. शाम्पूच्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्यांचे कागद अनेक थरांचे असतात. त्यांतील प्लास्टिक वेगळे काढून पुन्हा वापरणे अवघड असल्याने भंगारवालाही ते उचलत नाही. गटारे तुंबतात ती पुष्कळदा याच चकचकीत तुकड्यांनी.

शिकेकाई आणि रिठा यांची आठवण येथे होते. या दोहोंत सॅपोनिन हे फेसाळणारे द्रव्य असते. ते तेल पकडते आणि पाण्यात लवकर विघटित होते. रात्री रिठे आणि शिकेकाई भिजत घालून सकाळी उकळून गाळून घेतल्यास दोन वेळच्या न्हाण्याला पुरेल एवढे पाणी निघते. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. शाम्पूएवढा फेस होत नाही, म्हणून केस स्वच्छ झाले नाहीत असे वाटते. पण स्वच्छता फेसाने मोजायची सवय जाहिरातींनी लावली आहे. दिवाळीच्या पहाटेचे उटणे नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी अशा सुक्या जिन्नसांचे असते. सुके असल्यामुळे त्याला परिरक्षक लागत नाही. मसुरीचे किंवा हरभरा डाळीचे पीठ रोज वापरायला स्वस्त पडते. लहान मुलांच्या अंगावर पावडरीचा धुरळा उडवण्याची मात्र मुळीच गरज नसते. पावडर म्हणजे शंखजिरे; ते मुलांच्या फुप्फुसांत जाते. खाणीत त्याच्या शेजारीच ॲस्बेस्टॉस सापडते आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शंखजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले आहे.

फळीवरील एखाद्या डबीविषयी शंका आली, तर ती मोरीत ओतू नये आणि कचऱ्याबरोबर जाळूही नये. जाळल्याने पारा हवेत मिसळतो. डबी खोक्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावी. खोके नसेल तर माल कोठून आला याचा माग लागत नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे आणि इतर राज्यांत औषध नियंत्रकांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमाने तर सामान्य ग्राहकालाच अधिकार दिला आहे. स्वतः विकत घेतलेले प्रसाधन तो ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकतो, आणि तपासणीचा सही केलेला अहवाल त्याला मिळतो.